शहराचा आराखडा आणि हवामानाचा हिशेब

विकास आराखडा म्हटला की व्यापाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न उभा राहतो तो हा की, आपल्या दुकानावरून रस्तारुंदीची रेषा जाते किंवा नाही. हा प्रश्न वावगा नव्हे. ज्याची पेढी तीन पिढ्या एकाच जागी चालत आली आहे, त्याने ती रेषा पाहिलीच पाहिजे. परंतु त्याच नकाशात आणखी काही रेषा अशा असतात की ज्यांकडे आपले सहसा लक्ष जात नाही. नाल्याचे पात्र कोठवर मानले आहे, तलावाभोवती किती जागा मोकळी राखली आहे, नवी वसाहत कामाच्या ठिकाणापासून किती कोसांवर टाकली आहे, या त्या रेषा होत. पुढील वीस वर्षांत आपल्या गुदामात पावसाचे पाणी शिरेल काय, मे महिन्यात भर दुपारी बाजारात गिऱ्हाईक फिरकेल काय, नळाला पाणी किती दिवसांआड येईल, या प्रश्नांची उत्तरे पुष्कळ अंशी त्या दुसऱ्या रेषांत दडलेली असतात. आराखडा कायम होण्यापूर्वी, त्याचा हवामानावर काय परिणाम होईल आणि बदलत्या हवामानाचा त्या आराखड्यावर काय परिणाम होईल, याची तपासणी करण्याची एक रीत गेल्या पंचवीस वर्षांत काही देशांत रूढ झाली आहे. ती रीत कशी चालते, आपल्याकडे तिची काय अवस्था आहे, आणि आपल्या बिर्लानगरासारख्या वस्तीचा तिच्याशी काय संबंध पोहोचतो, हे येथे सांगावयाचे आहे.

प्रथम आपल्या देशाचा कायदा पाहू. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण अधिनियम झाला आणि त्याखाली २७ जानेवारी १९९४ रोजी पर्यावरण आघात मूल्यांकनाची पहिली अधिसूचना निघाली. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने तिची जागा घेतली. या अधिसूचनेप्रमाणे खाणी, कारखाने, धरणे, महामार्ग यांना आगाऊ पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. बांधकामासही ती लागू केली गेली, आणि त्यासाठी वीस हजार चौरस मीटर बांधीव क्षेत्राची मर्यादा ठरविण्यात आली. पन्नास हेक्टरांची वसाहत किंवा दीड लाख चौरस मीटरांचे बांधकाम असेल तर तपासणी अधिक कसून व्हावयाची. अर्जाच्या नमुन्यात एक प्रश्न मोठा मार्मिक आहे. या प्रकल्पामुळे हवेतील वायूंचे प्रमाण वाढून उष्णतेची बेटे निर्माण होतील काय, असे अर्जदारास विचारलेले असते.

आता विचार करा, एका इमारतीपुरते या प्रश्नाचे उत्तर काय येणार? एका इमारतीने शहर तापत नाही. दुसऱ्या इमारतीनेही तापत नाही. शंभराव्या इमारतीचा मालकही तेच उत्तर देईल आणि त्याचे उत्तर त्याच्यापुरते खोटे नसेल. शहर मात्र तापलेले असेल. कोणत्या भागात शंभर इमारती उभ्या राहाव्यात, त्यांच्या मध्ये किती झाडे आणि किती मोकळी माती असावी, हे इमारतीच्या अर्जाने ठरत नाही. ते आराखड्याने ठरते. आणि हा आराखडाच त्या अधिसूचनेच्या कक्षेबाहेर आहे. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर, मुनीम प्रत्येक बिल डोळ्यांत तेल घालून तपासतो, परंतु वर्षअखेरचा ताळेबंद कोणी मांडतच नाही, असा हा प्रकार आहे. अशा पेढीचे दिवाळे निघाले तरी एकही बिल चुकीचे सापडणार नाही.

मध्य प्रदेशात नगरांचे आराखडे नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, १९७३ या कायद्याखाली तयार होतात. त्याचे १७ वे कलम आराखड्यात काय काय असावे ते सांगते. निवास, उद्योग, व्यापार यांच्या जमिनी, रस्ते, पाणी, वीज, उद्याने या सर्वांचा त्यात उल्लेख आहे. पूरनियंत्रण, हवेच्या व पाण्याच्या दूषणास प्रतिबंध, कचऱ्याची विल्हेवाट आणि एकंदर पर्यावरण-नियंत्रण यांचे उपाय आराखड्याने दाखवावेत असेही त्यात म्हटले आहे. १९७३ साली लिहिलेल्या कायद्यात हवामान-बदल हा शब्द नाही यात नवल नाही. पण पूर आणि पाणी हे शब्द आहेत, आणि आज हवामानाचा प्रश्न आपल्या दाराशी येतो तो बहुतेक याच दोन रूपांनी, व तिसऱ्या म्हणजे उन्हाच्या रूपाने.

ग्वाल्हेरकरांस उन्हाचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणे येथे अपूर्वाईचे राहिलेले नाही. हे शहर मुळात तीन गावांचे बनले आहे. किल्ल्याच्या पायथ्याचे जुने ग्वाल्हेर, १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेले लष्कर आणि मुरार. या तिहींच्या मधल्या मोकळ्या जागा हळूहळू भरत गेल्या. मधली शेते व माळ गेले की रात्री शहर थंड होण्याची जी नैसर्गिक सोय असते तीही जाते, कारण दगड, सिमेंट व डांबर दिवसाची उष्णता रात्री परत देत राहतात. वाटेत विहीर, बाग किंवा वडाची सावली असली तर तिचा उपयोग केवळ शोभेचा नसतो.

पाण्याची गोष्ट त्याहून विचार करावयास लावणारी आहे. शहराचा मुख्य आधार म्हणजे सांक नदीवरील तिघरा धरण. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ते बांधले गेले आणि विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्यास १९०३ मध्ये प्रथम बसविलेले स्वयंचलित दरवाजे येथेही वापरले गेले. त्या काळचे उत्तमोत्तम ज्ञान त्यात ओतलेले होते. तरीही १९१७ च्या पावसाळ्यात ते फुटले व खालच्या गावांत मोठी प्राणहानी झाली. पुढे ते पुन्हा बांधले गेले. एका लहानशा नदीवरील या धरणाच्या पाण्याचा हिशेब ज्या लोकसंख्येसाठी मांडला गेला होता तिच्या कितीतरी पटींनी शहर आज मोठे झाले आहे, आणि म्हणून चंबळेचे पाणी आणण्याची योजना आखावी लागली. चंबळ तरी किती शहरांना पुरेल, हा प्रश्न आराखडा करणाऱ्याने विचारावयाचा असतो, नळजोडणी देणाऱ्याने नव्हे.

पावसाचे म्हणाल तर, तापमान एक अंशाने वाढले की हवा सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. परिणामी पाऊस पडतो तेव्हा थोड्या वेळात पुष्कळ पडतो. ऑगस्ट २०२१ च्या आरंभी शिवपुरी, श्योपूर, दतिया व ग्वाल्हेर या भागांत जो महापूर आला, त्यात दतियाजवळ सिंध नदीवरील पूल वाहून गेल्याचे सर्वांच्या स्मरणात असेल. एखाद्या विशिष्ट पुराचे सारे खापर हवामान-बदलावर फोडणे शास्त्रास धरून होणार नाही. परंतु मागील पन्नास वर्षांच्या पावसाच्या सरासरीवर पुढील पन्नास वर्षांची गटारे बांधणे हेही शास्त्रास धरून नाही. आपली स्वर्णरेखा पाहा. शहराच्या मधून वाहणाऱ्या या नदीच्या तळाशी काँक्रीट घातले गेले, आणि आता तिच्या पात्रावरून उन्नत मार्ग उभारण्याचे काम हाती घेतलेले आहे. मार्गाची गरज आहे; रहदारीत अडकलेला मालाचा टेंपो कोणास नको असतो? मात्र तळ बंद झालेल्या पात्रातून मुसळधार पावसाचे पाणी कोठे मुरणार आणि काठच्या बाजारपेठांत किती चढणार, हा हिशेब मार्गाच्या आधी मांडावयाचा असतो.

आराखड्यातील एक ओळ बदलल्याने काय घडते याचा सर्वांत बोलका दाखला मुंबईच्या गिरणगावात सापडतो. तो आपल्यास विशेष जवळचा आहे, कारण बिर्लानगर ही देखील गिरणीची वस्ती. मुंबईतील ५८ कापड-गिरण्यांची मिळून सुमारे सहाशे एकर जमीन परळ-लालबागच्या भागात होती. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडू लागली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने असे ठरविले की गिरणीची जमीन विकावयाची झाल्यास ढोबळमानाने तिचा एक भाग मोकळ्या जागेसाठी महापालिकेस, एक भाग सार्वजनिक घरांसाठी व एक भाग मालकास मिळावा. शहराच्या मध्यभागी एवढी मोकळी जागा मिळण्याची संधी पुन्हा येणारी नव्हती. २००१ मध्ये या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणीसाठी मुळातच मोकळी असलेली जमीन तेवढी धरावी, गिरणीची इमारत पाडल्याने मोकळी होणारी धरू नये, असा अर्थ प्रस्थापित झाला. गिरणीचा बहुतेक भाग इमारतीखालीच असतो, हे कोणासही कळेल. वाटणीस येणारी जागा आक्रसली.

या दुरुस्तीविरुद्ध बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप ही संस्था उच्च न्यायालयात गेली. खटला चालू असतानाच २६ जुलै २००५ चा तो दिवस उजाडला. सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निकाल दिला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून दुरुस्ती वैध ठरविली. न्यायालयांच्या निर्णयाची चिकित्सा करणे हा या लेखाचा विषय नाही. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. त्या जमिनींवर पुढे जे मनोरे उठले त्यांतील मोठ्या मनोऱ्यांना पर्यावरण मंजुरीचे सोपस्कार करावे लागले, परंतु ज्या एका वाक्याने सहाशे एकरांचे भवितव्य ठरले त्या वाक्याची कोणतीही पर्यावरणीय तपासणी करण्याची कायद्याने आवश्यकताच नव्हती.

अशी तपासणी जेथे आवश्यक आहे तेथील रीत आता पाहू. युरोपीय संघाने २००१ मध्ये एक निर्देश काढला आणि २१ जुलै २००४ पासून तो सदस्य देशांत लागू झाला. त्याप्रमाणे ज्यांचा पर्यावरणावर लक्षणीय परिणाम होऊ शकतो अशा शासकीय योजनांचे, नगररचनेच्या आराखड्यांसह, मूल्यांकन योजना मंजूर होण्यापूर्वीच झाले पाहिजे. कोणत्या बाबींवरील परिणाम तपासावयाचे त्यांच्या यादीत माती, पाणी, हवा, लोकांचे आरोग्य यांच्याबरोबर हवामानविषयक घटकही स्पष्टपणे घातलेले आहेत. इंग्लंडनेही २००४ मध्ये हा निर्देश आपल्या नियमांत उतरविला, आणि २००८ च्या कायद्याने स्थानिक आराखड्यांवर आणखी एक बंधन घातले. हवामान-बदल कमी करण्यास व त्यास तोंड देण्यास हातभार लागेल अशी धोरणे आराखड्यांत असलीच पाहिजेत, असे ते बंधन होय.

या मूल्यांकनाचे मर्म सांगावयाचे तर ते दोन तोंडांचे असते. एक तोंड आराखड्याकडून हवामानाकडे पाहते: या आराखड्यामुळे किती वाहने किती अंतर धावतील, घरे थंड किंवा उबदार ठेवण्यास किती वीज व इंधन लागेल, किती झाडे व ओल्या जमिनी जातील, आणि त्या सर्वांतून किती कर्बवायू बाहेर पडेल. दुसरे तोंड हवामानाकडून आराखड्याकडे पाहते: वीस-तीस वर्षांनंतरचे ऊन, पाऊस व दुष्काळ लक्षात घेता येथे घातलेली घरे, शाळा, बाजार टिकतील काय. सामान्यतः पहिल्याच तोंडाची चर्चा होते. व्यापाऱ्यास मात्र दुसरे तोंड अधिक कळावे, कारण माल कोठे साठवावा म्हणजे तो भिजणार नाही हा त्याचा रोजचाच विचार असतो.

याखेरीज दोन गोष्टी या पद्धतीत फार उपयुक्त आहेत. पहिली, पर्याय मांडणे. वसाहत पूर्वेस टाकली तर काय, पश्चिमेस टाकली तर काय, आणि मुळीच टाकली नाही तर काय, या तिहींची तुलना लेखी करून लोकांपुढे ठेवावी लागते. दुसरी, आधाराची स्थिती स्थिर न मानणे. आपण आज जमिनीची किंमत पाहून दहा वर्षांनंतरच्या किमतीचा अदमास करतो. तसेच आजचा पूररेषेचा नकाशा घेऊन भागत नाही, पुढील पावसाची पूररेषा काढावी लागते. आराखडा मंजूर झाल्यावर परिणाम प्रत्यक्षात काय होतात यावर देखरेख ठेवण्याचीही तरतूद आहे. ती बहुधा कागदावरच राहते अशी तिकडील टीका आहे. तेव्हा सरकारी कागदाचा स्वभाव सर्वत्र सारखाच, एवढे समाधान आपण मानून घ्यावे.

तिकडे सर्व आलबेल आहे असे मुळीच नाही. या मूल्यांकनांतील मोठे वैगुण्य म्हणजे तेच जुने 'माझा वाटा किती?' हे उत्तर. इमारतीच्या अर्जात जी पळवाट आपण पाहिली ती तालुक्याच्या आराखड्यातही निघते. जगाच्या कर्बवायूच्या मानाने आमच्या गावाचा कर्बवायू नगण्य आहे, असे लिहिले की काम संपते. प्रत्येक गावाने असे लिहिले म्हणजे जगाचा कर्बवायू कोणाच्याच खाती पडत नाही. यावर तोड अशी की गावाचा कर्बवायू जगाशी ताडून न पाहता देशाने स्वतःवर घालून घेतलेल्या मर्यादेशी ताडून पाहावा. इंग्लंडने २०५० पर्यंत आपला निव्वळ कर्बवायू शून्यावर आणण्याचे कायद्यानेच ठरविले आहे; आपल्या देशाने नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथे २०७० चा वायदा केला. वायद्याची मुदत ठरली की हप्ताही ठरवावा लागतो, हे आपणांस सांगावयास नको.

दुसरा अडथळा वरिष्ठांचा. ऑक्सफर्डशायरमध्ये सॉल्ट क्रॉस नावाच्या नव्या गावासाठी स्थानिक परिषदेने असा नियम घातला की तेथील घरे निव्वळ शून्य कर्बवायूची असावीत. २०२३ मध्ये शासकीय निरीक्षकांनी तो शिथिल करावयास लावला. नागरिकांची एक संस्था न्यायालयात गेली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने निरीक्षकांचा निर्णय चुकीचा ठरविला. म्हणजे कायदा असूनही कोणी तरी पाठपुरावा करणारा लागतोच.

आपल्याकडे या दिशेने काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्रात डहाणू तालुक्यासाठी केंद्र शासनाने २० जून १९९१ रोजी अधिसूचना काढून उद्योगांना घालावयाच्या क्षेत्रावर पाचशे एकरांची मर्यादा घातली आणि तालुक्याची प्रादेशिक योजना पर्यावरणाच्या कसोटीवर बसविण्यास सांगितले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तेथे स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले. एका तालुक्याची सोसण्याची शक्ती किती, असा प्रश्न तेथे एकेका कारखान्यापुरता न विचारता सबंध भूभागाविषयी विचारला गेला. त्यात हवामान-बदलाचा विचार नव्हता, पण ताळेबंद मांडण्याची ती एक सुरुवात होती. तिचे अनुकरण मात्र फारसे झाले नाही.

मुंबईने मार्च २०२२ मध्ये स्वतंत्र हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. त्यात शहराच्या कर्बवायूची २०१९ ची मोजदाद २ कोटी ३४ लक्ष टन अशी दिली असून त्यातील ७२ टक्के वाटा विजेचा व इतर ऊर्जेचा आहे. हे काम स्तुत्य आहे. परंतु शहराचा जमीन-वापर ठरविणारा २०३४ पर्यंतचा विकास आराखडा त्याआधीच, २०१८ मध्ये, मंजूर झालेला होता. एक वही जमिनीची आणि दुसरी हवामानाची. दोहोंचा मेळ घालण्याची कायदेशीर सक्ती नाही. चंदीगढच्या एका खटल्यात १० जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच उणिवेवर बोट ठेवले. अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई यांनी लिहिलेल्या त्या निर्णयात, शहरी विकासास परवानगी देण्यापूर्वी पर्यावरण आघात मूल्यांकन व्हावे अशी तरतूद करण्याचे आवाहन केंद्र व राज्यांच्या विधिमंडळांना व शासनांना केलेले आहे. आवाहन हे आदेशाइतके बंधनकारक नसते. म्हणून ते पुढे नेणे लोकांवर येते.

लोकांनी म्हणजे कोणी, असे कोणी विचारील. १९७३ च्या अधिनियमाप्रमाणे आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर आक्षेप व सूचना देण्यास तीस दिवसांची मुदत असते, व त्यांची सुनावणीही होते. व्यापारी मंडळे या मुदतीत निवेदने देतातच. ती बहुधा चटई क्षेत्राविषयी, रस्तारुंदीविषयी किंवा दुकानांच्या भागाविषयी असतात. त्याच निवेदनात आणखी काही प्रश्न घालता येतील. नाल्यांची पूररेषा कोणत्या वर्षांच्या पावसावरून काढली? पाण्याची गरज कोणत्या लोकसंख्येसाठी मोजली आणि दुष्काळी वर्षी ते कोठून येणार? नवी वसाहत घालताना दुसऱ्या कोणत्या जागा पाहिल्या व त्या का सोडल्या? या प्रश्नांना उत्तर देण्यास नवा कायदा लागत नाही. १७ व्या कलमातील पूरनियंत्रण व पर्यावरण-नियंत्रण हे शब्द त्यास पुरेसे आहेत, असे आमचे मत आहे. उत्तर समाधानकारक मिळेलच असे नाही. पण लेखी विचारलेला प्रश्न दप्तरी राहतो, आणि पुढे न्यायालयात त्याचा आधार होतो.

बिर्लानगरास हे सर्व किती लागू आहे ते सांगून लेख आटोपता घेतो. घनश्यामदास बिर्लांनी १९२१ मध्ये येथे जयाजीराव कॉटन मिल काढली आणि तिच्याभोवती कामगारांच्या 'लाइनी' वसल्या. घराचा पत्ता आजही लाइन नंबरने सांगितला जातो. कामगार भोंग्याच्या आवाजाने पायी गिरणीत जात असे. कामाची जागा व राहण्याची जागा जवळ असावी हे जे तत्त्व आजचे हवामानशास्त्रज्ञ आराखड्यांत घालावयास सांगतात, ते येथे शंभर वर्षांपूर्वी केवळ सोयीखातर अमलात आलेले होते. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात गिरणी बंद पडली. कामगारांच्या देण्यांचा प्रश्न त्यानंतर वर्षानुवर्षे रेंगाळत राहिला, आणि तो कोणत्याही नकाशाच्या आधी सुटावयास हवा. जमिनीचा प्रश्न त्याच्या मागोमाग येतो. शहराच्या मधोमध एवढी सलग जागा दुसरी सापडणे कठीण. तिच्यावर काय उभारावे हे आराखड्याच्या रंगाने ठरेल. नकाशात तो तुकडा कोणत्या रंगाने रंगविला आहे, किती भाग हिरवा ठेवला आहे, आणि तेथे पडलेले पावसाचे पाणी हजिऱ्याच्या सखल गल्ल्यांत उतरेल की तेथेच मुरेल, हे मसुदा भिंतीवर लागेल त्या तीस दिवसांत जाऊन पाहता येते.